ओल धान्याला असते, नावाला नाही

गेल्या महिन्यात मी एक जुनी वस्तू ऑनलाइन विकायला काढली. ती अजून माझ्याकडेच आहे. ती विकली गेली नाही याचं अर्धं कारण ग्राहकांकडे आहे आणि अर्धं माझ्याकडे. ग्राहकांबद्दल बोलणं सोपं असतं, ते आपण रोजच बोलतो. या वेळी दोन्ही अर्धी कारणं लिहितो आहे. एक अर्धं माझ्या मुस्लिम वाचकांना रुचणार नाही, दुसरं इतरांना. चालेल.

वस्तू म्हणजे ड्रॉइंग टॅबलेट. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही एक सपाट काळी पाटी असते आणि सोबत पेन असतं. पाटीवर काहीच उमटत नाही, तुम्ही लिहाल ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटतं. बऱ्याच पेनांत बॅटरीसुद्धा नसते. पाटीतून निघणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातूनच पेनाला ऊर्जा मिळते आणि पेन कुठे आहे, किती दाबलं आहे, हे पाटीला कळतं. चित्रकार आणि ॲनिमेशन शिकणारी मुलं ही वस्तू वापरतात.

मी चित्रकार नाही, मास्तर आहे. उर्दू आणि मराठी शिकवतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि माझा फळा गेला. माऊसने उर्दूतलं 'ऐन' हे अक्षर काढून बघा, म्हणजे माझी तेव्हाची अडचण कळेल. मराठीतला 'ज्ञ' काढायला गेलो तर मुलं हसायची. शेवटी साडेसहा हजार रुपये मोजून मध्यम आकाराचा टॅबलेट घेतला. दोन वर्षं तोच माझा फळा होता. सकाळी मराठीची ओळ डावीकडून सुरू व्हायची, दुपारी उर्दूची उजवीकडून. दोन्हीकडून घासून घासून मधला भाग गुळगुळीत झाला. आता वर्गात मोठा डिजिटल फळा आला आहे आणि टॅबलेट कपाटावर धूळ खातो आहे. कुणा शिकणाऱ्या मुलाच्या उपयोगी पडावा आणि घरातही चार पैसे यावेत, म्हणून तो विकायचं ठरवलं.

जाहिरातीत मी सगळं लिहिलं. मधला भाग झिजला आहे, खालच्या कोपऱ्यात एक चरा आहे, पेनाचं एक बटण कधीकधी दोनदा दाबावं लागतं. पेनाची तीन नवी टोकं शिल्लक आहेत, बिल आहे. किंमत अडीच हजार. खाली माझं पूर्ण नाव, आणि भाग : कोंढवा.

पहिल्या आठवड्यात विचारणा आल्या, नाही असं नाही. एकाने विचारलं, "वस्तू कुठे बघायला मिळेल?" मी कोंढवा म्हटलं. संभाषण तिथेच संपलं. दुसरा म्हणाला, "तिकडे यायला नको वाटतं, तुम्ही इकडे कोथरूडला येता का?" मी येतो म्हटलं. वेळ ठरवताना त्याने नाव विचारलं. नाव समोरच लिहिलेलं होतं, तरी विचारलं. मी सांगितलं. "कळवतो" म्हणाला, तो अजून कळवतोच आहे. तिसऱ्याने काहीच आडपडदा ठेवला नाही. "सॉरी, आम्ही तुमच्या लोकांकडून घेत नाही," असं मराठीत, शुद्धलेखनाच्या एकाही चुकीशिवाय लिहिलं. मराठीचा शिक्षक म्हणून तेवढंच समाधान.

आता कुणी म्हणेल, तीन माणसांवरून शहराला नावं ठेवू नका. बरोबर आहे. जुनी वस्तू न विकली जाण्याची शंभर कारणं असतात. पहिला माणूस कोंढवा लांब पडतं म्हणूनही गप्प झाला असेल. पण नावामुळे दार बंद होतं की नाही, हे अभ्यासकांनी तपासलेलं आहे. महाराष्ट्राचेच सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांश निघालं. दलित नावाला साधारण दोन तृतीयांश. अर्ज तोच, पदवी तीच. म्हणजे मी जे अनुभवलं ते माझ्या डोक्यातलं भूत नाही.

त्याच आठवड्यात एक ग्राहक मात्र असा भेटला की त्याने माझ्या नावाला जराही हरकत घेतली नाही. भावसुद्धा केला नाही. आपण फौजेत असून बदली होऊन पुण्यात आलो आहोत, मुलीसाठी टॅबलेट हवा आहे, असं म्हणाला. गणवेशातला फोटो पाठवला, ओळखपत्राचा फोटो पाठवला. मग एक क्यूआर कोड पाठवून म्हणाला, "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." युपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, पिन फक्त देताना लागतो. एवढं मला माहीत होतं म्हणून वाचलो. फौजी गणवेशाचा फोटो दाखवून फसवण्याची ही युक्ती देशभर जुनी झाली आहे, तरी माणसं फसतात. कुणी फसलंच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

हा किस्सा गमतीसाठी सांगत नाही. माझ्या नावाला हरकत न घेणारा पहिला ग्राहक ठग निघाला, यात एक धडा आहे. नाव आणि गणवेश बघून भरवसा ठेवायची सवय आपल्याला आहे, हे ठगाला नेमकं ठाऊक असतं. म्हणून तो कधीच संशयास्पद नावाने येत नाही. तो नेहमी सर्वांत विश्वासू नाव घेऊन येतो. जो समाज नावावरून भरवसा ठेवतो, तो ठगाचं काम सोपं करून ठेवतो. 'तुमच्या लोकांकडून घेत नाही' असं लिहिणाऱ्या त्या शुद्धलेखनवाल्या गृहस्थांना माझी विनंती आहे, माझ्यापासून सावध राहण्यात जेवढी शक्ती घालवता त्यातली थोडी पिनसाठी राखून ठेवा.

हे झालं पहिलं अर्धं. आता आपल्याकडे येतो.

माझा भाचा अठ्ठावीस वर्षांचा आहे, मोबाइलच्या दुकानात काम करतो, जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याचा हात बसलेला आहे. त्याने माझी जाहिरात बघितली आणि कपाळावर हात मारला. "मामू, 'समीर' डालो ना. दोनों तरफ चलता." खरंच आहे, समीर हे नाव दोन्हीकडे चालतं. आडनाव लिहायचं नाही, कोंढव्याऐवजी 'पुणे' लिहायचं, झिजल्याचा उल्लेख काढायचा, भेटायला स्वारगेटला बोलवायचं. शिक्षकांच्या खोलीत विषय काढला तर तिथेही हेच. एक सहकारी म्हणाले, "सर, आम्ही सगळे तेच करतो. घर भाड्याने बघताना, गाडी विकताना. धंद्यात नावाचं काय काम?" मी कंटाळलो होतो. भाच्याला म्हटलं, टाक. झिजल्याचा उल्लेख मात्र मी काढू दिला नाही, एवढीच माझी मर्दुमकी.

समीरला पहिल्याच संध्याकाळी तीन फोन आले.

त्यातले एक गृहस्थ रविवारी मुलीला घेऊन स्वारगेटला आले. मुलगी चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला होती. फोनवर ते मला समीरदादा म्हणत होते. चहाच्या टपरीशेजारच्या बाकावर बसून त्या मुलीने स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि वस्तू अशी तपासली की मला वर्गात पूर्ण गुण द्यावेसे वाटले. आधी तिरक्या रेषा सावकाश काढल्या, कारण पाटी बिघडलेली असेल तर सावकाश काढलेली तिरकी रेषा लाटेसारखी हलते. मग हलक्या हाताने सुरू करून दाब वाढवत नेला, रेषा बारीक ते जाड एकसारखी होते का ते बघायला. चारही कोपऱ्यांत टिंबं दिली. केबल खोचण्याची जागा हलवून पाहिली. पेनाचं टोक नखाने काढून बघितलं. "मधे थोडं घसरतं, पण वरून शीट लावता येईल," म्हणाली. सौदा ठरला, तेवीसशेला.

वडिलांनी फोन काढला, मी माझा क्यूआर कोड पुढे केला. त्यांनी स्कॅन केला आणि त्यांच्या पडद्यावर माझं बँकेतलं नाव आलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"हे कोण?"

"मीच."

"मग समीर कोण?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गात मुलाने गृहपाठ दुसऱ्याकडून लिहून आणला की मी जसा बघतो तसे ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी फोन खिशात ठेवला आणि रागावून नव्हे, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "नाव खोटं, तर वस्तू खरी कशावरून समजायची?" मुलगी पेन हातात धरून बसली होती. तिने ते पुसलं, पाटीवर ठेवलं, आणि दोघं गेली.

त्या गृहस्थांच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. कदाचित माझं खरं नाव त्यांना चाललं नसतं. कदाचित अजिबात हरकत नसती. कधीच कळणार नाही, कारण ते कळण्याची वाट मी स्वतः बंद केली होती. पैसे पाठवण्याआधी पडद्यावरचं नाव आणि समोरच्या माणसाचं नाव जुळतं का ते बघा, हाच सल्ला सगळीकडे दिला जातो. त्या बापाने तेच केलं. ते पूर्वग्रहाने वागले असं मी म्हणू शकत नाही. आणि त्यांच्या मनात पूर्वग्रह असलाच, तर त्याला त्या दिवशी मी एक खरं कारण पुरवलं. आजवर ज्याच्याकडे माझ्यावर संशय घ्यायला काहीच नव्हतं, त्याला मी पुरावा देऊन परत पाठवलं.

आपल्याकडे लहानपणी मदरशात शिकवलेली एक हकीकत सगळ्यांना पाठ आहे. हजरत पैगंबर (स.) बाजारातून जात होते. धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. विचारलं तर विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. मग ते वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसेल असं, असं त्यांनी त्याला सुनावलं आणि फसवणारा आपल्यातला नाही असं बजावलं. मालातला दोष दाखवून विकावा, हा आपल्याकडे धर्माचा भाग आहे. दोष लपवून विकला तर ग्राहकाला सौदा मोडण्याचा हक्क राहतो, त्याला फिकहमध्ये खियार-ए-ऐब म्हणतात. मराठी शेतकऱ्याला हे वेगळ्या शब्दांत ठाऊक आहे. बैलबाजारात बैलाची खोड न सांगता विकणाऱ्याला गाव विसरत नाही.

आता भाच्याचा सल्ला पुन्हा बघा. झिजलेला भाग लपवा आणि नाव लपवा. दोन्ही एका दमात. म्हणजे आपण आपल्या नावाला ढिगातली ओल समजू लागलो आहोत. झीज हा ऐब आहे, चरा हा ऐब आहे, अडकणारं बटण हा ऐब आहे. माझं नाव हा ऐब नाही. जो दोष नाही तो लपवायची सवय लागली की जो दोष आहे तो लपवायला हात कचरत नाही. नाव बदलणाऱ्या जाहिरातीत झिजेचा उल्लेखही आपोआप गळतो, हे मी माझ्याच घरात पाहिलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर माझं म्हणणं उलटं वाचलं जाईल. नाव न सांगण्याचा हक्क आहे, आणि तो मोठा हक्क आहे. २०२४ च्या जुलैत उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या खानावळींना मालकांची नावं लावायला सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचं अन्न मिळतं ते लिहायला सांगता येईल, नाव लिहायची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. त्या निकालात मला बाजाराचा सगळा कायदा सापडतो : ताटात काय आहे ते सांगा, ताट वाढणारा कोण ते ज्याचं त्याला ठरवू द्या. आपल्याकडेही फार लांब जायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. पुढच्याच महिन्यात मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा झाली, मटण कसं आहे यापेक्षा कापणारा कोण आहे हे सांगण्यासाठी. अशा दिवसांत ज्याची हातगाडी आहे, ज्याचं पोट रोजच्या विक्रीवर आहे, त्याने पाटीवर नाव लिहिलं नाही तर त्याला बोट दाखवायचा मला अधिकार नाही. माझा पगार महिन्याला येतो. टॅबलेट विकला गेला नाही म्हणून माझ्या घरी चूल थांबत नाही.

पण नाव न सांगणं वेगळं आणि दुसरं नाव सांगणं वेगळं. पहिलं मौन आहे, दुसरं खोटं आहे. न्यायालयाने मौनाचं रक्षण केलं आहे. खोट्याचं रक्षण कुणीच करू शकत नाही, कारण ते पहिल्याच स्कॅनला उघडं पडतं. आणि माझ्यासारखे पगारदार, शिकलेले, ज्यांना नाव सांगून फार तर एक सौदा गमवावा लागेल, त्यांनीही 'समीर' व्हायचं ठरवलं, तर हातगाडीवाल्याच्या वाट्याला काय उरेल? आपलं खरं नाव असलेला प्रामाणिक विक्रेता ज्याने कधी पाहिलाच नाही, त्या ग्राहकाचं मत बदलणार कशाने?

दुसऱ्या टोकाचा उपायही मला मान्य नाही. 'फक्त आपल्याच लोकांकडून घ्या' अशा दुकानांच्या याद्या आपल्या गटांत फिरतात. मढीच्या ठरावावर संतापायचं आणि तोच ठराव मोबाइलवर पुढे ढकलायचा, हे कसं? आणि 'अपना आदमी' म्हणून बिलाशिवाय घेतलेले जुने फोन तीन दिवसांत बंद पडल्याच्या कहाण्या आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. तिथेही नावच बघितलं होतं, वस्तू नाही.

पुण्यात दर रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. तिथे पान्यापासून पितळी कुलपापर्यंत सगळं जमिनीवर मांडलेलं असतं. मी लहानपणापासून जातो. तो काही स्वर्ग नाही, तिथेही फसवतात, तिथेही माणूस कपड्यांवरून ओळखला जातो. पण तिथे ग्राहक वस्तू उचलतो, फिरवतो, कानाजवळ नेऊन हलवतो. ऑनलाइन बाजारात हात पोचत नाही, म्हणून माणूस हाती लागेल ते पकडतो, आणि हाती लागतं ते नाव. त्यामुळे विकणाऱ्याने हाताला दुसरं काही द्यावं. बिलाचा फोटो द्या. पाटीवर तिरक्या रेषा काढतानाचा व्हिडिओ द्या. दाबाची रेषा दाखवा, चरा जवळून दाखवा. नव्या कॉम्प्युटरवर त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर चालतं का ते आधी तपासून लिहा, कारण जुन्या मॉडेलचं कधीकधी चालत नाही आणि घेणारा घरी गेल्यावर अडकतो. आणि घेणाऱ्याने त्या मुलीसारखं वागावं. प्रश्न पाटीला विचारावेत.

भाषेचा मास्तर आहे म्हणून शेवटी एक शब्द. आपण ज्याला जाहिरात म्हणतो तो शब्द अरबीतल्या 'जाहिर'वरून आला, म्हणजे उघड. किंमत आणि दुकान हे शब्दही अरबीतून आले, बाजार फारसीतून, आणि ग्राहक संस्कृतातून. या सगळ्यांनी मराठीत येताना नाव बदललं नाही, आणि मराठीने ते विचारलंही नाही. दुकान आणि ग्राहक यांचं आजवर व्यवस्थित चालू आहे.

समीरची जाहिरात मी त्याच रविवारी रात्री काढून टाकली. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. जुनी जाहिरात पुन्हा टाकली आहे, माझ्या नावाने, कोंढव्याच्या पत्त्याने. तिरक्या रेषांचा व्हिडिओ जोडला आहे, चऱ्याचा फोटो अधिक जवळून काढला आहे. त्या बापलेकीलाही एक संदेश पाठवला, माफीचा, खरं नाव लिहून. उत्तर आलेलं नाही आणि ते मागायचा मला हक्क नाही. पंधरा दिवसांत दोन विचारणा आल्या आहेत. काल किंमत दोन हजारांवर आणली. किंमत आणखीही कमी करीन. नाव आहे तेच राहील.